टँकमध्ये न सांगता आलेलं ऑक्टोपसचं पिल्लू, काय करू?

खारेपाणी | ९ जून, रात्री ११:५२

मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून पाळीव प्राण्यांत टाकतोय, अ‍ॅडमिननी हलवला तरी चालेल. नेरुळला राहतो. घरी २५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दोन वर्षं झाली, खाली संप (पाणी गाळायची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वगैरे सगळं आहे. दोन क्लाउन आणि एक डॅमसेल असे मासे, आणि शंखात राहणारे हर्मिट खेकडे. एप्रिलमध्ये खेकडे बारा होते, आज मोजले तर तीन. रिकामे शंख एका दगडाच्या भोकापाशी ओळीने पडलेले, कोणीतरी जेवून भांडी बाहेर ठेवावीत तसे. मी महिनाभर डॅमसेलवर संशय घेतला, बिचारीला शिव्या घातल्या.

आज लाइट गेले म्हणून टॉर्च घेऊन टँकसमोर बसलो होतो (दुसरं काय करणार), तर त्या भोकातून एक डोळा माझ्याकडे बघतोय. मग हळूच एक हात बाहेर आला, मग दुसरा. ऑक्टोपस!! धड माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं, हात पसरले तर दोन-अडीच इंच. एप्रिलमध्ये एका दुकानातून दगड आणले होते त्यातूनच आलं असणार. दुकानदार म्हणतो साहेब फुकट मिळाला, मजा करा.

पाणी २९ डिग्री, खारेपणा (ग्रॅव्हिटी) १.०२५, अमोनिया नायट्राइट शून्य. मुलगी (सहावीत) जाम खूश आहे, नाव चकली ठेवून मोकळी झाली. मला टेन्शन आलंय. कोणी वाढवलाय का?

कोळंबीभात | १० जून, सकाळी ७:१०

बटर गार्लिक. दिवे घ्या :)

शेवंता७ | १० जून, सकाळी ७:३५

अगं बाई! फोटो टाका ना. आणि अंगावर निळ्या गोल रिंगा नाहीत ना हे आधी बघा प्लीज, मी कुठेतरी वाचलंय ते फार विषारी असतात म्हणून.

जलतरंग | १० जून, सकाळी ९:२०

शेवंताताईंनी पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. निळ्या रिंगांच्या ऑक्टोपसमध्ये टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगणाऱ्या माशात असतं तेच, आणि त्यावर उतारा नाही. तो दगड कुठल्या समुद्रातला हे दुकानदारालाही माहीत नसणार, तेव्हा ओळख पटेपर्यंत हात पाण्यात घालायचा नाही. चिडला की रिंगा ठळक होतात, शांत असताना फिकट दिसतात, त्यामुळे एकदा बघून सोडून देऊ नका. बाकीचे ऑक्टोपसही चावतात, लाळेत थोडंफार विष सगळ्यांच्याच असतं, पण ते गांधील माशी चावल्यागत.

मी ठाण्यात, चौदा वर्षं मरीन टँक ठेवतोय. ऑक्टोपस एकदाच ठेवला आणि पुन्हा ठेवणार नाही, का ते शेवटी कळेलच. तुमचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. ऑक्टोपसच्या पिल्लांचे ढोबळ दोन प्रकार. काहींची अंडी तांदळाच्या दाण्याएवढी बारीक आणि लाखांत, त्यातून निघालेली पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात तरंगत फिरतात, ती घरच्या टँकमध्ये वाढवणं विसरा, मोठमोठ्या लॅबना दशकं लागली. दुसऱ्यांची अंडी मोठी, संख्या कमी, आणि पिल्लू बाहेर येतं ते थेट तळावर रांगणारं, आईबापाची छोटी झेरॉक्स. तुमचं कुठल्याही प्रकारचं असलं तरी ते तरंगायचं वय पार करून आलंय, शिकार करतंय, म्हणजे अवघड भाग त्याने स्वतःच उरकलाय.

आता ताबडतोब करायचं ते. मासे बाहेर काढा, आज ते त्याला टोचतील आणि दोन महिन्यांनी ते त्यांना खाईल. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर एक दिवस हात आत ओढला जाईल. झाकण. परत लिहितो, झाकण!! त्याच्या अंगात चोचीशिवाय कडक असं जवळजवळ काही नाही, चोच जाईल तिथून अख्खं जनावर जातं. २०१६ मध्ये न्यूझीलंडला नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस रात्री टाकीतून उतरला, जमिनीवरून सरपटत गेला आणि पन्नासेक मीटरच्या ड्रेन पाइपातून थेट समुद्रात. तुमच्याकडे पाइप समुद्रात जात नाही, सोसायटीच्या गटारात जातो.

आणि तांबं. माशांच्या औषधात तांबं असतं, या टँकमध्ये कधी घातलंय का? घातलं असेल तर दगडात मुरलेलं असतं आणि हळूहळू सुटत राहतं, माशांना चालतं, ऑक्टोपस मरतो.

खारेपाणी | १० जून, रात्री १०:०५

रिंगा नाहीत. लांब दांडीने डिवचून तीनदा बघितलं, तपकिरी ठिपके आणि डोळ्याखाली गडद डाग, बाकी काही नाही. फोटो टाकलाय. मासे बहिणीकडे वाशीला रवाना.

औषध घातलं नाहीये, पण जलतरंग तुमचं तांब्याचं वाचून घरात सहज विचारलं तर आईने शांतपणे सांगितलं की मी ऑफिसला गेलो आणि पाणी कमी दिसलं की ती तांब्याच्या कळशीतलं पाणी घालते. "आपल्याला चांगलं ते त्यांना का वाईट?" कधीपासून, तर दिवाळीपासून. मी खुर्चीत बसलो. एवढे महिने मी आरओचं पाणी मोजून मोजून भरतोय आणि इकडे हे.

जलतरंग | १० जून, रात्री १०:३०

हाहाहा! माफ करा, पण हे भारी आहे. गंमत अशी की ऑक्टोपसचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळेच, आपल्यात लोह तसं त्यांच्यात ऑक्सिजन वाहायला तांबं. पण ते प्रथिनात बांधलेलं. पाण्यात विरघळलेलं तांबं म्हणजे विष. तीन दिवस रोज २० टक्के पाणी बदला, फिल्टरमधला कार्बन (कोळसा) ताजा टाका, तांब्याची टेस्ट किट आणा. हर्मिट जगलेत म्हणजे प्रमाण फार नसावं, तेही तांब्याला नाजूकच असतात. आईंना म्हणावं कळशी तुळशीला.

परखड_पण_प्रेमळ | ११ जून, दुपारी १:१५

सगळे झाकणं आणि किटवर चर्चा करताय, मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. एवढं हुशार जनावर काचेच्या खोक्यात कशाला? पन्नास कोटींच्या आसपास मज्जापेशी, त्यातल्या दोन तृतीयांश हातांत, म्हणजे प्रत्येक हात स्वतःचा स्वतः विचार करतो असं म्हणायला हरकत नाही. ते तुम्ही हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवणार. सोडून द्या समुद्रात. उरणला जा, तासाभराचं काम.

मिठागर | ११ जून, दुपारी २:४०

परखड, भावना पोचल्या, पण सोडणं हा उपाय नाही. कुठल्या समुद्रातला प्राणी हेच माहीत नाही, दुकानाच्या टाकीतलं पाणी पिऊन आलेला, सोबत कुठला रोग, कुठले किडे आणतोय कोणाला ठाऊक. खाडीत तर मुळीच नको, पावसाळ्यात ठाणे खाडीचं पाणी किती गोडं होतं माहितीये ना, ऑक्टोपसला गोडं पाणी अजिबात सोसत नाही. चोवीस तासांत मरेल आणि तुम्ही पुण्य केलं म्हणून झोपाल.

दगडांबद्दलही बोलायला हवं. त्यावर प्रवाळ असेल तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, वाघाच्या रांगेत. दुकानदाराला पुढच्या वेळी दगड कुठला हे विचारा आणि तो इकडेतिकडे बघायला लागला तर उठून या. आता चांगले कृत्रिम दगड मिळतात.

परखड_पण_प्रेमळ | ११ जून, दुपारी ३:०२

बरं, सोडू नका. पण विकत आणून ठेवणाऱ्यांना तरी हा धागा वाचून हुरूप यायला नको एवढंच माझं म्हणणं आहे.

सदू_चेंदणीकर | ११ जून, रात्री ९:५०

आम्ही चेंदणीचे कोळी, आजीच्या भाषेत हे सगळे माकूलच, आठ हात का दहा कोण मोजतंय. ऑक्टोपस बघायचा तर टँक कशाला हवा, मोठ्या ओहोटीला हाजीअलीच्या किंवा मरीन ड्राइव्हच्या खडकांवर जा, डबक्यात दिसतात, मुंबईचे किनारे दाखवणारी मंडळी असतात त्यांच्याबरोबर जा, नुसते जाऊन दगड उलटेपालटे करू नका.

खायचं सांगतो. बाजारातला जवळा मेलेला असतो, तो हे पोर बघणार पण नाही, ह्या वयात हलणारं पाहिजे. बारीक जिवंत खेकडे लागतील. बेलापूरच्या दिवाळे गावात सकाळी जेट्टीवर जा, मोठ्या चिंबोऱ्या नको, जाळ्यात बोटाच्या पेराएवढ्या कुर्ल्या येतात त्या कोणी विकत घेत नाय, मावशीला आदल्या दिवशी सांगून ठेव, बाजूला काढून ठेवेल. नांगी मोडून टाक पहिले काही दिवस, नाहीतर ती याचाच हात तोडायची. हात परत येतो म्हणा, पण कशाला.

खारेपाणी | १६ जून, रात्री ११:२०

सदूभाऊ मानलं तुम्हाला! दिवाळ्याच्या मावशींना कुर्ल्या कशाला पाहिजेत हे सांगितलं तर आधी त्यांना वाटलं मी मस्करी करतोय, मग म्हणाल्या "पैशे ठेव, त्याला खायाला घाल." मुलीचा फोटो दाखवावा तसा चकलीचा फोटो दाखवून आलो. आता बाल्कनीत एक बादली आहे, खारं पाणी, एअर पंप, त्यात वीसेक कुर्ल्या. बायकोने बादलीबद्दल अजून काही विचारलेलं नाही, पण बघते.

शिकार काय असते बघितली. चकली दगडाच्या रंगाची होऊन बसते, अगदी दगडावरचा खरखरीतपणासुद्धा अंगावर उमटवते, आणि मग छत्री उघडावी तशी खेकड्यावर पडते. अर्ध्या तासाने रिकामं कवच बाहेर.

बिनपाण्याचा_मासा | १७ जून, सकाळी ८:००

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खारेपाणी | १४ जुलै, सकाळी ६:४०

झाकण झाकण झाकण. जलतरंग तुम्ही दोनदा लिहिलं होतं आणि मी काचेचं झाकण करून घेतलं, फक्त पाइप जायला मागे एक फट ठेवली, दोन बोटांची. पहाटे पाचला आई दुधाची पिशवी घ्यायला उठली तर हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्याजवळ "कोणाचा तरी ओला मोजा". उचलायला वाकली तर मोज्याने रंग बदलला.

किंचाळली नाही हो, एवढं मात्र खरं. ओलं फडकं टाकलं, तसराळ्यात सरकवलं आणि टँकमध्ये ओतून झाल्यावर मला उठवायला आली. वर मला म्हणते, "तांब्याचं तसराळं नव्हतं, स्टीलचं होतं, घाबरू नकोस."

चकली भोकात आहे, राखाडी-पांढरी दिसतेय, श्वास चालू आहे. जगेल का?

जलतरंग | १४ जुलै, सकाळी ७:०५

पावसाळ्यात हवेत ओल असते, लादी ओली असेल तर काही मिनिटं ते बाहेर तग धरतात. अंधार करा, आज खायला देऊ नका, दर तासाला झाकण उघडून बघू नका. आणि ती फट बंद करायला प्लास्टिकचं हिरवं गवत आणा, बाल्कनीत अंथरतात ते. मोठ्या मत्स्यालयांतही टाकीच्या कडेला तसलं लावतात, त्या खरखरीत काड्यांवर त्यांच्या हातांवरच्या चोषकांना पकड मिळत नाही. पाइपाभोवती गच्च भरा.

आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

खारेपाणी | १५ जुलै, रात्री ९:१५

रात्री एक कुर्ली खाल्ली. गवत लावलं, टँक आता क्रिकेटच्या मैदानासारखा दिसतो.

शेवंता७ | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

चकलीचं काय चाललंय? धागा मागे गेला होता, शोधून वर काढला.

खारेपाणी | २३ ऑगस्ट, रात्री १२:१०

चकली आता हात पसरले तर वीतभर आहे. एवढ्यात बरंच झालं, जमेल तसं लिहितो.

ओळखते. म्हणजे मला वाटतं ओळखते, परखड हसतील. मी समोर आलो की पुढे येते, बायको आली की जागेवर बसते, आणि माझा मेव्हणा आला की पाणी उडवते, गवताच्या वरून, नेम धरून. मेव्हण्याने पहिल्याच दिवशी फ्लॅश मारून फोटो काढला होता तेव्हा शाई सोडली होती. समुद्रात शाई वाहून जाते, २५० लिटरमध्ये कुठे जाणार, सगळी तिच्याच कल्ल्यात बसते. जाळीने गोळे काढले, रात्री दीड वाजता ८० लिटर पाणी बदललं, मेव्हण्याला बादल्या उचलायला लावल्या. आता मीठ विरघळवलेलं पाणी पिंपात कायम तयार असतं.

लोणच्याची काचेची बरणी धुऊन आत कुर्ली ठेवून झाकण सैल लावून दिली. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं, चौथ्या दिवशी तीन. मग मुलीने झाकण घट्ट लावलं तर तेही उघडलं. मुलीला लोणच्याच्या बरण्या अजून उघडता येत नाहीत हे बायकोने जेवताना सांगितलं, त्यावरून रुसवा झाला.

दुकानातल्या कोळंबीचा तुकडा आता काडीवर धरला की घेते. म्हणजे दिवाळ्याच्या फेऱ्या आठवड्याला एक. उरलेला तुकडा रात्री काढायचाच, एकदा राहिला तर सकाळी अमोनिया दिसला.

आणि हो, नर की मादी कळायला उजवा तिसरा हात बघितला. नराचा असेल तर टोकाला चोषक नसतात, चमच्यासारखं टोक असतं. हिचे अगदी शेवटपर्यंत आहेत. म्हणजे चकली हे नाव बरोबर निघालं, मुलगी म्हणते मी आधीच सांगितलं होतं.

कोळंबीभात | २३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. काल हॉटेलात मेन्यूवर बघून पान उलटलं.

जलतरंग | २३ ऑगस्ट, सकाळी १०:०० (संपादित)

छान चाललंय. एक आताच सांगून ठेवतो, ऑक्टोबरची तयारी करा. नवी मुंबईत ऑक्टोबरमध्ये टँक ३१-३२ डिग्रीला जातो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी यांची भूक आणि श्वास वाढतो. जगलं तरी आयुष्य लवकर जळतं. मुळात यांचं आयुष्य आहेच वर्ष-दीड वर्षाचं, लहान जातींचं त्याहूनही कमी. सेकंडहँड चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) शोधा, २५ वर लावा. टँक हॉलमध्ये असेल तर चिलरची गरम हवा कुठे सोडणार तेही बघा, मी पहिल्यांदा बेडरूममध्ये सोडली होती, घटस्फोट होता होता राहिला.

खारेपाणी | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

चिलर आला, १४ हजारांत, पनवेलहून एका गृहस्थांकडून, त्यांचा छंद सुटला म्हणून. आवाज जुन्या फ्रीजसारखा. वीज बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

परखड_पण_प्रेमळ | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

वाचत असतो. मत बदललेलं नाही. पण तसराळ्याचा किस्सा घरी सगळ्यांना सांगितलाय.

खारेपाणी | ६ डिसेंबर, रात्री ११:३०

जलतरंग आहात का?

चार दिवस चकली बाहेर आलेली नाही. भोकाच्या तोंडाशी दगड आणि शंख रचून घेतलेत. खात नाही. आज टॉर्च लावून बघितलं तर आत छताला पांढरे मोती लटकलेत, झुबक्याने. अंडी आहेत. नर कुठे होता? ती तर एकटीच वाढली ना.

जलतरंग | ७ डिसेंबर, सकाळी ६:५५

आहे. फलित नसलेली अंडीही घालतात. मादी त्यांनाही तशीच सांभाळते, हाताने साफ करत राहते, सतत पाणी फुंकते. खाणार नाही, आणि अंडी राखता राखता ती जाणार. आजार नाहीये, पाणी बिघडलेलं नाहीये, तुमचं काही चुकलेलं नाही. हे शेवटी कळेल म्हणालो होतो ते हेच.

डोळ्यांच्या मागे एक ग्रंथी असते, ऑप्टिक ग्लँड, तिथून हे सगळं चालतं. १९७७ मध्ये वोडिन्स्की नावाच्या संशोधकाने अंड्यांवर बसलेल्या माद्यांची ती ग्रंथी काढली, तर त्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि बऱ्याच जास्त जगल्या. म्हणजे मरण वरून लिहून येतं तसं नाही, आतून बटण दाबलं जातं. तुम्हाला त्याचा उपयोग शून्य, पण मला तेव्हा हे वाचून जरा बरं वाटलं होतं, का ते सांगता येत नाही.

अंडी काढू नका. काढली तरी ती आता खायची नाही.

शेवंता७ | ७ डिसेंबर, सकाळी ७:२०

अरे देवा. अंड्यांतून काही निघणारच नाही आणि तरी?

जलतरंग | ७ डिसेंबर, सकाळी ७:४१

हो.

खारेपाणी | १९ डिसेंबर, रात्री ९:००

आई रोज संध्याकाळी काडीवर कोळंबी धरून दहा मिनिटं उभी राहते. म्हणते बाळंतिणीला तोंडाला चव नसते, विचारत राहायचं. चकली एक हात बाहेर काढते, कोळंबीला लावते, चोषकांनीच चव कळते ना त्यांना, आणि हळूच बाजूला ढकलते. आई तुकडा काढून घेते आणि उद्या परत.

मुलीला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं की आपण नर आणायला हवा होता का. मी नाही म्हणालो, तो मेला असता नाहीतर ती, आणि लाखभर पिल्लं झाली असती तर दिवाळ्याच्या मावशी कुठे पुरल्या असत्या.

सदू_चेंदणीकर | १९ डिसेंबर, रात्री १०:१५

आईला सांग चेंदणीवरून विचारलंय.

खारेपाणी | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

काल रात्री गेली. पांढरी पडली होती चार दिवसांपासून, हात सैल, तरी दोन हात अंड्यांवर होते. मुलीला घेऊन सोसायटीच्या मागच्या बाजूला सोनचाफ्याखाली पुरलं, वॉचमनने काय पुरताय विचारलं, मी मासा म्हणालो, खोटं बोललो म्हणून मुलगी चिडली आणि त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत बसली, त्याची ड्युटी संपेपर्यंत.

क्लाउन वाशीहून परत आणणार आहे. ऑक्टोपस परत नाही.

एक काम होतं, बाल्कनीतल्या बादलीत सात कुर्ल्या शिल्लक आहेत, आता चांगल्या मोठ्या झाल्यात. कोणाच्या टँकला हव्या असतील तर नेरुळ स्टेशनला आणून देईन.

कोळंबीभात | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

मी घेतो. आणि नाही, रश्श्यासाठी नाही. मागच्या महिन्यात टँक घेतलाय, कोणाला बोललो नव्हतो.

जलतरंग | ११ जानेवारी, सकाळी ९:०७

झाकण आहे का?